केअर होम बघायला जाताना नक्की काय बघायचं (पुणेकरांसाठी)

पुण्यात केअर होम शोधायला लागलं की आधी व्हॉट्सअॅपवर फोटो येतात. बागेत बसलेले आजी-आजोबा, भजन, कोणाच्यातरी पंच्याहत्तरीचा केक. ते फोटो खोटे नसतात, पण रात्री अडीच वाजता तुमच्या आईला बाथरूमला कोण नेणार हे त्यातून कळत नाही, आणि माझ्या मते सगळी पाहणी त्या एका प्रश्नासाठीच करायची असते.

आत्यासाठी जागा शोधताना आम्ही दोघी बहिणींनी कात्रज, धायरी, वारजेपासून वाघोलीपर्यंत बरीच होम्स बघितली. बहीण नर्सिंगमधली, त्यामुळे मी जिथे पडदे बघत होते तिथे ती गादीखाली हात घालून बघत होती. खालचं बरंचसं तिच्याकडून शिकलेलं आहे.

पायरी १: घरातून निघायच्या आधी

वृद्धाश्रम, केअर होम, असिस्टेड लिव्हिंग, नर्सिंग केअर ही नावं लोक कशीही वापरतात, बोर्डवर विश्वास ठेवू नका. बऱ्याच वृद्धाश्रमांत स्वतःचं स्वतः करणाऱ्यांनाच घेतात आणि माणूस अंथरुणाला खिळला की घरी न्या म्हणतात. म्हणून आधी आपल्या माणसाचं खरंखुरं लिहून काढा. एकटं उठता येतं का, लघवी-संडासचा कंट्रोल आहे का, गिळायला त्रास होतो का, इन्शुलिन आहे का, रात्री उठून दार उघडून बाहेर जायची सवय लागलीय का, गेल्या वर्षात पडलेत का. यातलं काही लपवू नका. "तसे बाबा सगळं करतात हो" असं सांगून अॅडमिशन घेतली की आठव्या दिवशी फोन येतो आणि तेव्हा भांडायला तोंड राहत नाही.

एक गोष्ट आईबाबांसमोर बसून बोला. त्यांना न सांगता, "चार दिवस फिरायला जाऊ" म्हणून आणून सोडणारे लोक बघितलेत. करू नका एवढंच म्हणते.

पायरी २: कागद मागा, लाजू नका

हॉटेल किंवा हॉस्पिटलचं लायसन्स भिंतीवर लावलेलं दिसतं तसा केअर होमचा एकच कागद बघून काम भागत नाही. कागद वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेले असतात त्यामुळे थोडे थोडे मागावे लागतात.

संस्था कोण चालवतं ते पहिलं. ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी नंबर, कंपनी असेल तर कंपनीची नोंदणी, एकट्या माणसाचा धंदा असेल तर तसं सांगू दे, त्यात वाईट काही नाही पण पावती कोणाच्या नावाने मिळणार ते कळायला हवं. बंगला भाड्याचा असेल तर भाडेकरार कधीपर्यंत आहे हे विचारा. हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि मालकाने जागा रिकामी करायला सांगितली की वीस-पंचवीस म्हातारी माणसं गाद्यांसकट दुसऱ्या बंगल्यात हलतात, डिमेन्शियावाल्यांचं (स्मृतिभ्रंश झालेल्यांचं) तर त्यात पार बिनसतं.

स्वयंपाक तिथेच होत असेल तर अन्न सुरक्षेची नोंदणी, म्हणजे तो चौदा आकडी एफएसएसएआय नंबर. सलाईन, ऑक्सिजन, ट्यूब फीडिंग (नळीने भरवणं) असं सगळं आम्ही करतो म्हणत असतील तर नर्सिंग होमची नोंदणी आहे का ते विचारा. मानसिक आजाराचे पेशंट ठेवत असतील तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली वेगळी नोंदणी लागते. पुण्याच्या कडेला काही ठिकाणी वृद्ध, व्यसनमुक्तीवाले आणि मनोरुग्ण एकाच छताखाली असतात, तिथून सरळ परत फिरा असं माझं मत.

कागद दाखवताना माणूस कसा वागतो तेही बघा. "सीएकडे आहेत" हे उत्तर एकदा ठीक. दुसऱ्या भेटीतही सीएकडेच असतील तर समजा.

पायरी ३: आग, जिना, किल्ली

इथे वेळ काढा. १ जानेवारी २०२३ ला पहाटे दिल्लीच्या ग्रेटर कैलाशमधल्या एका केअर होमला आग लागली आणि दोन वृद्ध महिला गेल्या. तो भाग चांगला पॉश आहे, म्हणजे महाग जागा म्हणजे सेफ जागा हे डोक्यातून काढून टाका.

महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे, त्याप्रमाणे आगीची यंत्रणा चालू स्थितीत आहे असा दाखला लायसन्सवाल्या एजन्सीकडून वर्षातून दोनदा घ्यायचा असतो, जानेवारीत आणि जुलैत, त्याला फॉर्म बी म्हणतात. "फायर एनओसी आहे" एवढ्यावर थांबू नका, "शेवटचा फॉर्म बी दाखवा" म्हणा. नुसता तो शब्द ऐकून समोरच्याचा चेहरा कसा होतो त्यावरून बरंच कळतं. लाल सिलिंडरवर रिफिलची तारीख असते, काटा हिरव्यात आहे का बघा, आणि मग तिथल्या एखाद्या मावशींना विचारा, हे वापरायचं कसं? मॅनेजरला नाही, मावशींना. रात्री मॅनेजर नसतो.

आपल्याकडची बरीच होम्स म्हणजे मूळची राहती घरं. खिडक्यांना चोरांच्या भीतीने पक्कं ग्रिल, मागचं दार कपाट लावून बंद केलेलं, आणि पुढच्या कोलॅप्सिबल गेटला रात्री कुलूप कारण कोणी आजोबा बाहेर जातील. कुलूप लावण्याचं कारण मला पटतं. पण किल्ली कुठे असते? ड्युटीवरच्या प्रत्येकाकडे की एकट्याच्या उशीखाली? दुसरा रस्ता बाहेर जायचा आहे का आणि तिथून व्हीलचेअर जाते का? अंथरुणावरचे पेशंट तिसऱ्या मजल्यावर आणि चालणारे तळमजल्यावर, असं उलटं दिसलं (खालच्या खोल्या बघायला येणाऱ्यांना छान दिसाव्या म्हणून करतात) तर वरच्यांना आगीत खाली कसं आणणार हे विचारा, लिफ्ट तर आगीत वापरायची नसते.

इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या जिन्याखाली, त्यावर जुन्या गाद्या, हे कॉम्बिनेशन दिसलं तर बोलून दाखवा. ऑक्सिजन लावलेल्या पेशंटच्या खोलीत देवाजवळ निरांजन, उदबत्ती चालू असेल तर तेही. कोणाच्या भावना दुखवायच्या नाहीयेत पण ऑक्सिजनजवळ ठिणगी चालत नाही.

बाथरूममध्ये स्वतः जाऊन या. कमोडशेजारी दांडी आहे का आणि ती हलते का, जोरात ओढून बघा, टॉवेल टांगायच्या दांडीला ग्रॅब बार म्हणून खपवतात. दाराला आतून कडी असेल तर बाहेरून उघडता येते का. उंबरा किती उंच आहे. महारेराने (बिल्डरांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) २०२४ मध्ये ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना नियम दिलेत, त्यात दार किमान ९०० मिलीमीटर रुंद असावं असं आहे. तो नियम फ्लॅट विकणाऱ्या बिल्डरसाठी आहे, भाड्याच्या बंगल्यातल्या केअर होमला लागू नाही, पण माप म्हणून वापरायला काय हरकत आहे, पर्समध्ये टेप ठेवा.

पायरी ४: पाणी आणि लाईट

हे पुण्यात वेगळं बघावंच लागतं. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार, हातपाय लुळे पडतात) पेशंट एकदम वाढले, पाण्यावर संशय गेला आणि महापालिकेने काही खाजगी आरओ प्लांट बंद केले. २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावं महापालिकेत आली, जागा स्वस्त म्हणून बरीच केअर होम्स याच पट्ट्यात आहेत, आणि तिथे विहीर, बोअर, टँकर असा सगळा मिक्स कारभार असतो. म्हणून पाणी कुठून येतं, टाकी शेवटची कधी धुतली, पाण्याची टेस्ट केल्याचा रिपोर्ट आहे का हे तिन्ही विचारा. "आरओ आहे" हे उत्तर अर्धं आहे. दात घासायला, तोंड धुवायला, काकडी धुवायला आरओचं पाणी कोणी वापरत नाही.

महापालिकेचं पाणी गुरुवारी बंद असतं अधूनमधून, तर जमलं तर एक भेट अशा गुरुवारी दुपारी ठेवा. पाणी नसताना संडास कसे आहेत तेव्हा कळतं.

लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर काय काय चालतं? पंखे आणि ट्यूब एवढंच सांगतात. एअर मॅट्रेसचा (बेडसोअर होऊ नयेत म्हणून हवेने फुगवलेली गादी) पंप, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन देणारं मशीन), इन्शुलिनचा फ्रीज यांचं काय ते विचारा. एअर मॅट्रेस लाईट गेली की काही वेळात बसते आणि पेशंट कडक पलंगावर पडून राहतो.

पायरी ५: रात्रीची ड्युटी

आता मुख्य. "स्टाफ किती?" विचारलं की "पंधरा जण आहेत" असं उत्तर येतं. त्यात स्वयंपाकीण, ड्रायव्हर, माळी, सुट्टीवर गावाला गेलेले सगळे धरलेले असतात. प्रश्न असा विचारा: काल रात्री बारा वाजता ड्युटीवर जागे कोण कोण होते, नावं सांगा. मग ड्युटी रजिस्टर दाखवा म्हणा. नावं जुळतात का बघा.

बऱ्याच ठिकाणी मावशी आणि ब्रदर (पुरुष अटेंडंट) तिथेच राहतात, म्हणजे दिवसभर काम करून रात्री त्याच मजल्यावर गादी टाकून झोपतात आणि त्यालाच चोवीस तास स्टाफ म्हणतात. त्यांना दोष नाही देत, पगार केवढा मिळतो ते माहितीये. पण दिवसभर राबलेला माणूस रात्री तीनला हाक मारल्यावर उठेल का? बेल आहे का? बेल पेशंटच्या हाताला पोचते का, की भिंतीवर स्विचबोर्डशेजारी? तुम्ही स्वतः दाबून बघा आणि घड्याळ बघा.

आम्हाला एका ठिकाणी रात्री बावीस पेशंटमागे दोन जण भेटले, त्यातला एक अठरा-एकोणीसचा मुलगा, माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून दोन दिवसांपूर्वी आलेला. त्याला कोणाला शुगर आहे हे माहीत नव्हतं. ती जागा दिवसा इतकी छान होती!

ट्रेन्ड नर्स, म्हणजे जीएनएम किंवा एएनएम हा नर्सिंगचा कोर्स केलेली, कोणत्या वेळेत असते ते वेगळं विचारा, कारण पांढरा किंवा निळा ड्रेस घातला की सगळ्यांना सिस्टर म्हणतात. स्टाफचं पोलिस व्हेरिफिकेशन झालंय का, बायकांचं अंग पुसायला आणि डायपर बदलायला बाईच असते का, हेही. आणि सगळ्यात जुनी मावशी किती वर्षं आहे ते बोलता बोलता काढा. सगळेच दोन-तीन महिन्यांचे असतील तर तिथे काहीतरी बिघडलेलं आहे.

रात्री एकदा न सांगता जा. साडेनऊच्या सुमारास, "इथून जात होतो, औषध द्यायचं राहिलं" काहीही सांगा, अॅडमिशनच्या आधी असेल तर "दिवसा वेळ मिळत नाही" म्हणा. खोलीत सोडणार नाहीत, बाकीच्यांची झोपायची वेळ आहे आणि ते बरोबरच आहे, पण दार कोण उघडतं आणि किती वेळाने उघडतं हे दिसतं.

पायरी ६: झोपून असलेल्यांची खोली

रिसेप्शन आणि बाग सगळ्यांचीच बरी असते. ज्या खोलीत अंथरुणावरचे पेशंट आहेत ती दाखवा म्हणा, त्यांच्या प्रायव्हसीचा मान ठेवून, दारातूनसुद्धा चालेल.

वास: थोडा लघवीचा वास सकाळी असू शकतो, तो लगेच वाईट म्हणून धरू नका. दुपारी चारलाही तोच असेल किंवा फिनेल आणि रूम फ्रेशनरचा डोकं उठेल असा वास असेल तर विचार करा. नखं, दाढी, ओठ बघा. ओठ सुकून फुटलेले म्हणजे पाणी कमी पाजलं जातंय, वारंवार डायपर बदलायला नको म्हणून पाणी कमी देतात कधीकधी.

स्वतः हलू न शकणाऱ्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर माकडहाड आणि टाचेवर बेडसोअर (दाबाने होणाऱ्या जखमा) होतात. त्याचा चार्ट पलंगाशी असतो. चार्टवर उद्या सकाळपर्यंतच्या सह्या आजच झालेल्या असतील (खरंच बघितलंय) तर काय ते समजून जा. विचारा, आत्ता किती जणांना बेडसोअर आहेत? "आमच्याकडे कोणालाच नाही" पेक्षा "दोघांना आहेत, एक हॉस्पिटलमधूनच घेऊन आले, ड्रेसिंग असं चालू आहे" हे उत्तर मला जास्त विश्वासाचं वाटतं.

जेवणाच्या वेळेला नक्की थांबा. भरवताना माणसाला नीट बसवतात का आडवंच ठेवून चमच्यामागून चमचा कोंबतात? ठसका लागला की थांबतात का? एक मावशी एकावेळी किती जणांना भरवतेय? मेन्यूचा कागद बघू नका, ताट बघा, आणि ताटात उरलेलं बघा. संध्याकाळचं जेवण साडेसहाला आणि सकाळचा नाश्ता नऊला असेल तर शुगरच्या पेशंटचं मधे काय होतं तेही विचारा.

हातपाय बांधलेले दिसले तर? कधी नळी ओढू नये म्हणून तात्पुरतं मऊ पट्टीने बांधायला डॉक्टर सांगतात, मग त्याचा लेखी कागद असतो, किती वेळ ते असतं. ओढणीने पलंगाला बांधलेलं असेल आणि "खूप उठतात हो" हे कारण असेल तर ते चालवून घेऊ नका. मानसिक आरोग्य कायद्यात साखळीने बांधायला सरळ बंदी आहे. आणि न दिसणारं बांधणं म्हणजे झोपेच्या गोळ्या. सकाळी अकराला हॉलमध्ये सगळेच माना टाकून बसलेले असतील तर औषधांकडे वळा.

पायरी ७: औषधं

प्रत्येकाचा वेगळा डबा आणि नावाचा चार्ट, प्रत्येक डोसपुढे देणाऱ्याची सही. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी देणार नाही हे लेखी घ्या. इन्शुलिनचा स्टॉक फ्रीजमध्ये २ ते ८ डिग्रीला राहतो, तो फ्रीज उघडून बघा, फ्रीजरमध्ये किंवा कालच्या भाजीशेजारी नको. वापरलेल्या सुया कुठे टाकतात? त्यासाठी टोचणार नाही असा पांढरा डबा असतो. पार्किन्सनच्या गोळीची वेळ सांगून बघा, "सकाळ-दुपार-संध्याकाळ देतो" म्हणाले तर त्यांना त्या आजाराची माहिती नाही, ती गोळी घड्याळाप्रमाणे द्यावी लागते.

डॉक्टर "व्हिजिटिंग" असतो म्हणजे आठवड्यातून किती वेळा, आणि रात्री फोन उचलतो का. इमर्जन्सीत १०८ ला (अॅम्ब्युलन्ससाठी) फोन कोण करणार, हॉस्पिटल कोणतं, सोबत कोण जाणार, तुम्हाला फोन आधी की नंतर. हॉस्पिटल नकाशावर चार किलोमीटर दिसतं, पण संध्याकाळी सातला सिंहगड रोड किंवा वाघोलीच्या ट्रॅफिकमधून एकदा स्वतः जाऊन बघा.

पायरी ८: पैसे आणि करार

महिन्याच्या आकड्यात काय धरलेलं नाही ते विचारा: डायपर, ग्लोव्हज, फिजिओ, डॉक्टर व्हिजिट, अॅम्ब्युलन्स, लॉन्ड्री. डिपॉझिट कधी आणि किती दिवसांत परत, माणूस हॉस्पिटलमध्ये असताना खोलीचं भाडं किती, दरवर्षी वाढ किती, काढायचं असेल तर नोटीस किती दिवसांची, आणि त्यांनी काढायला सांगितलं तर तुम्हाला किती दिवस देणार. सगळं करारात. "आपण घरच्यासारखे आहोत, कागद कशाला" म्हणणाऱ्यांकडे तर जास्तच लिहून घ्या. एटीएम कार्ड, पासबुक, दागिने तिथे ठेवू नका. पेन्शन असेल तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, आता मोबाईलवर चेहऱ्यावरून होतो, तो तुम्हीच जाऊन करा.

मृत्यूबद्दल अॅडमिशनलाच बोलावं लागतं, अवघड वाटतं पण बोला. रात्री गेले तर दाखला कोणता डॉक्टर देणार? हॉस्पिटलबाहेर मृत्यू झाला तर डॉक्टरने फॉर्म ४ अ (मृत्यूच्या कारणाचा दाखला) भरून द्यावा लागतो आणि त्यासाठी पेशंटला ओळखणारा डॉक्टर हवा, तो नसला की अंत्यसंस्काराआधी धावपळ होते. परदेशात असणाऱ्या मुलांनी तर पुण्यातल्या एका नातेवाईकाचं नाव निर्णय घेणारा म्हणून करारात घालावंच.

पायरी ९: अॅडमिशन झाल्यावर

शक्य असेल तर पहिला महिना ट्रायल घ्या. पहिले आठ दिवस भेटू नका, सेटल होऊ द्या असं काही जण सांगतात, ते मला पटत नाही. वेगवेगळ्या वेळेला जा, नेहमी रविवारी अकराला नको. गेलात की पाठ, माकडहाड, टाचा बघा, वजन महिन्याला एकदा करायला सांगा आणि आकडा फोनमध्ये लिहून ठेवा. कॉरिडॉरमध्ये सीसीटीव्ही असावा, बाथरूममध्ये आणि कपडे बदलतात तिथे नसावा. फोनवर बोलताना शेजारी कोणी उभं राहतं का ते आईच्या आवाजावरून कळतं.

खटकलं तर आधी मॅनेजरला व्हॉट्सअॅपवर लिहा, तोंडी नको, तारीख राहते. निळसर डाग, जखमा, सुजणं यांचे फोटो त्याच दिवशी. ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाईन १४५६७ आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. मारहाण किंवा कोंडून ठेवणं असेल तर वाट बघू नका, पोलिसांना ११२ वर फोन करा. पैशाचं भांडण असेल तर पैसे घेऊन दिलेली सेवा आहे, त्यामुळे ग्राहक आयोगात जाता येतं, आधी ग्राहक हेल्पलाईनला १९१५ वर विचारा. आगीच्या कागदांबद्दल संशय असेल तर महापालिकेच्या किंवा हद्दीबाहेर पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) अग्निशमन विभागाकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाका, फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. अर्जात इमारतीचा पूर्ण पत्ता आणि सर्व्हे नंबर लिहा, नुसतं होमचं नाव लिहिलं तर "अशी नोंद आढळत नाही" एवढंच उत्तर येतं, कारण परवानगी जागामालकाच्या नावाने असते बऱ्याचदा.